मासोळी वर येते तेव्हा

एप्रिल उजाडला की प्राणिशास्त्राच्या वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, एवढ्या उन्हात तलावातल्या मासोळ्या शिजून मरत नाहीत का?" नागपूरच्या पोरांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो. मे अखेरच्या नवतप्यात दुपारचे रस्ते ओस पडतात, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला आलं की हात मागे घ्यावा लागतो. आपण कूलर लावतो, डोक्याला दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवून बाहेर पडतो. मासोळीला यातलं काहीच करता येत नाही.

शिजून मरत नाहीत, मी सांगते. गुदमरून मरतात. आणि मरण्याआधी त्या खूप काही करतात. तासन्‌तास, कधी कित्येक दिवस, शरीरातला एकेक व्यवहार बदलून तगून राहण्याची धडपड चाललेली असते. त्यातली बरीचशी काठावरून दिसते. आपल्याकडे बातमी होते ती तलावावर मेलेल्या माशांचा खच पडल्यावर. त्याच्या आधीचं पाहायला आपण शिकलो तर त्यातले पुष्कळ मासे वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात शरीराच्या तापमानापासून करावी लागेल. बाहेर ८ अंश असोत की ४६, आपण आत ३७ अंश धरून ठेवतो. मासोळीला ते जमत नाही, आणि त्याचं कारण तिच्या कल्ल्यांत आहे. प्राणवायू घ्यायला तिचं सगळं रक्त दर फेरीला कल्ल्यांतून जातं. तिथे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये पेशींचा अत्यंत पातळ पडदा असतो, इतका पातळ की वायू पलीकडून सहज यावा. पण ज्या पडद्यातून वायू जातो त्यातून उष्णता त्याहून लवकर जाते. स्नायूंनी तयार केलेली ऊब कल्ल्यांत पाण्याला देऊन टाकावी लागते. ट्यूना आणि काही शार्क यांनी रक्तवाहिन्यांच्या खास जाळ्या करून त्यातून वाट काढली आहे. आपल्या तलावातल्या रोहू, कटला, मृगळ यांनी नाही. पाणी जितकं तापलं तितकीच मासोळी आतून तापली. तिचं काळीज, मेंदू, आतडी, सगळं पाण्याच्या तापमानाला.

तापमान १० अंशांनी चढलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट, कधी त्याहूनही जास्त होतो. म्हणजे जानेवारीत २० अंशांच्या पाण्यात निवांत असलेल्या रोहूला मे महिन्यात ३२-३३ अंशांच्या पाण्यात नुसतं जिवंत राहायला दुपटीहून जास्त ऑक्सिजन लागतो. पोहणं नाही, खाणं नाही, फक्त जगणं. आणि नेमका तेव्हाच पाण्यातला ऑक्सिजन कमी झालेला असतो. गोड्या पाण्यात ० अंशांना लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, २० अंशांना ९.१, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना जेमतेम ७. गरज वाढत जाते आणि पुरवठा आटत जातो.

हे आकडे मी फळ्यावर लिहिते तेव्हा मुलांना ते फार भयंकर वाटत नाहीत. ९ चे ७ झाले, त्यात काय? मग मी हवेचा आकडा शेजारी लिहिते. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ५ मिलिलिटर. आपल्याला जे एका श्वासात मिळतं त्यासाठी मासोळीला चाळीसपट पाणी कल्ल्यांवरून न्यावं लागतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड. श्वास घेणं हेच तिच्यासाठी अंगमेहनतीचं काम आहे. कल्ल्यांत रक्त आणि पाणी एकमेकांच्या उलट दिशेनं वाहतात म्हणून हे साधतं. उलट्या प्रवाहामुळे शेवटपर्यंत पाण्यात रक्तापेक्षा ऑक्सिजन जास्तच राहतो, आणि पाण्यातला ७०-८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेता येतो. आपल्या फुप्फुसाला हवेतला चौथा हिस्साही धड काढता येत नाही. तलावातल्या कुठल्याही मासोळीकडे पाहताना मला आधी हे आठवतं, की इतक्या गरीब माध्यमात राहून इतकं कसून घेणारा दुसरा अवयव प्राणिसृष्टीत शोधावा लागेल.

टोरंटोच्या एफ. ई. जे. फ्राय या शास्त्रज्ञानं १९४७ साली या सगळ्याला एक चौकट दिली. मासोळीला नुसतं जगायला लागणारा किमान ऑक्सिजन एकीकडे, आणि ती जास्तीत जास्त जितका घेऊ शकते तो दुसरीकडे. या दोहोंमधलं अंतर म्हणजे तिची ऐपत. त्यातूनच पोहायचं, पचवायचं, वाढायचं, अंडी धरायची, रोगाशी लढायचं. पाणी तापत गेलं की किमान गरज वर सरकते आणि कमाल मर्यादा एका टप्प्यानंतर वाढायची थांबते. ऐपत आक्रसत जाते. मासोळी जिवंत असते, पण वाढत नाही, अंगावर बुरशी आली तर झटकू शकत नाही. काठावरून तिच्यात काहीच बिघडलेलं दिसत नाही.

याच्या अगदी उलट टोकाची एक गोष्ट सांगायचा मोह मला आवरत नाही. अंटार्क्टिकाच्या समुद्रात, जिथे पाणी उणे १.९ अंशांपर्यंत थंड असतं, तिथे काही माशांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. रक्त पाण्यासारखं रंगहीन. नॉर्वेच्या योहान रूड यांनी १९५४ मध्ये त्यावर लिहिलं तोवर, लाल पेशींशिवाय कणा असलेला प्राणी जगू शकेल हे मानायला सहसा कुणी तयार नव्हतं. तिथलं पाणी इतकं थंड की त्यात ऑक्सिजन भरपूर, आणि माशाची गरज इतकी कमी की नुसत्या रक्तद्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनवर भागतं. तो मासा आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावात क्षणभर टिकणार नाही. ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या गेल्या त्या पाण्याचा हिशेब मासोळीच्या अंगात उतरलेला असतो.

आणि हा हिशेब एका जन्मातही थोडा बदलतो. होळीपासून नवतप्यापर्यंत पाणी हळूहळू तापतं. या दोन-तीन महिन्यांत मासोळी आपली उष्णता सोसायची कमाल मर्यादा काही अंशांनी वर नेते. उष्णतेनं ज्यांची घडी मोडते ती प्रथिनं सावरणारी दुसरी प्रथिनं पेशी तयार करतात, आणि पेशींभोवतीचं आवरण बदलतं. हे आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. डिसेंबरात आपलं खोबरेल तेल बाटलीत थिजतं आणि करडईचं तेल थिजत नाही, हा फरक स्निग्धाम्लांच्या घडणीचा आहे. मासोळी हिवाळ्यात आपल्या पेशींच्या आवरणात न थिजणारी, असंपृक्त स्निग्धाम्लं वाढवते आणि उन्हाळ्यात कमी करते, म्हणजे आवरण ना घट्ट होतं ना फार सैल. या कामाला दिवस लागतात, आठवडे लागतात. म्हणून नागपूरच्या मासोळीला मे महिना झेपतो, पण त्याच मासोळीला एका तासात २५ अंशांवरून ३५ वर नेलं तर तिला तो धक्का जड जातो. घरी मत्स्यटाकी असणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाणी बदलताना हे ध्यानात ठेवावं. पिशवी टाकीत तरंगत ठेवून दोन्ही पाणी एका तापमानाला आलं की मगच मासा सोडायचा.

आता पहाटेकडे येते, कारण तलावातली खरी परीक्षा पहाटे असते.

आपले शहरातले तलाव हिरवे आहेत. फुटाळा, गांधीसागर, सक्करदरा, नाईक तलाव, सोनेगाव, कुठेही जा, पाण्याला कमी-जास्त हिरवी झाक असते. सांडपाण्यातला आणि निर्माल्यातला नत्र-स्फुरद खाऊन सूक्ष्म शेवाळ माजतं. दिवसा हे शेवाळ ऊन खाऊन ऑक्सिजन सोडतं, इतका की दुपारी चार वाजता वरच्या थरात विरघळण्याच्या मर्यादेहून जास्त ऑक्सिजन असू शकतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ ऑक्सिजन घ्यायला लागतं. तळाच्या गाळातले जीवाणू तर दिवसरात्र घेत असतात. रात्रभर पाण्यातून ऑक्सिजन वजा होत जातो आणि सूर्योदयाच्या जरा आधी तो सर्वांत कमी असतो. रोहू-कटलासारख्या कार्प कुळातल्या माशांना लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असलं की चैन असते. ३ च्या खाली गेलं की चुळबुळ सुरू होते. १ च्या आसपास गेलं की मरण.

अशा पहाटे मासोळ्या वर येतात. पाण्याचा अगदी वरचा, काही मिलिमीटरचा पापुद्रा हवेला लागून असतो, तिथे थोडा जास्त ऑक्सिजन असतो. तोंड वर करून, ओठ पृष्ठभागाला लावून त्या तेवढंच पाणी कल्ल्यांवरून नेतात. शेकडो गोल तोंडं एकाच वेळी उघडतात-मिटतात. आणि काठावर फिरायला आलेली माणसं म्हणतात, बिचाऱ्या भुकेल्या आहेत. मग पिशवीतून ब्रेड निघतो, मुरमुरे निघतात, कणकेच्या गोळ्या निघतात. टाकणाऱ्याच्या मनात दया असते, पुण्य असतं, त्याबद्दल मला आदरच आहे. पण ती तोंडं भुकेची नाहीत.

तलावाच्या काठी जाळं घेऊन बसणारे एक वयस्क ढिवरभाऊ माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी एकदा एका जोडप्याला जे सांगितलं ते मी वर्गात दरवर्षी सांगते. "नका टाकू जी. ते खायाले नाई आली, दम घ्यायाले आली हाय. पान्यातला दम गेला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा मॅडम, पाय आपटला तरी खाली जाऊन नाई राह्यली." हे मात्र मला पुस्तकातून कधी कळलं नसतं. धडधाकट मासोळी माणसाची सावली पडली तरी बुडी मारते. काठावर पाय आपटूनही ती वरच राहिली तर समजावं की खाली जाणं तिला त्याहून धोक्याचं वाटतंय. वर बगळे आहेत, खंड्या आहे, माणूस आहे, आणि तरीही ती वर आहे.

खाल्लं तर काय होतं? पचवायलाही ऑक्सिजन लागतो. पोटभर खाल्लेल्या मासोळीची ऑक्सिजनची मागणी पुढचे कित्येक तास वाढलेली राहते, दुपटीपर्यंत जाऊ शकते. पहाटे ती ऐपत तिच्याकडे नसते, म्हणून शहाणी मासोळी खातच नाही. ब्रेड तळाशी जातो, कुजतो, कुजताना आणखी ऑक्सिजन ओढतो. मत्स्यबीज विकणारे बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, पिशवीत भरून लांब पाठवण्याआधी एक दिवस उपाशी ठेवतात, ते याचसाठी. उपाशी बोटुकली कमी श्वास घेते आणि पिशवीतलं पाणीही कमी घाण करते.

वर आलेल्या मासोळीच्या आत काय चाललेलं असतं ते तर आणखी विलक्षण आहे. कल्ल्यांच्या झाकणांची उघडझाप वाढते, हे बाहेरून दिसतं; मिनिटाला किती वेळा, हे मोजताही येतं. पण काळजाचे ठोके वाढत नाहीत, उलट बहुतेक माशांत ते कमी होतात. आपल्याला दम लागला की छाती धडधडते. मासोळीचं काळीज संथ, पण दर ठोक्याला जास्त रक्त फेकतं. प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या लाल पेशी रक्तात सोडते. काही माशांत ताणाच्या संप्रेरकांमुळे लाल पेशी स्वतः फुगतात आणि ऑक्सिजन जास्त घट्ट धरतात. कल्ल्यांतल्या एरवी बंद असलेल्या बारीक पाकळ्यांतही रक्त खेळायला लागतं, म्हणजे जास्तीत जास्त पृष्ठभाग पाण्याला लागावा.

आणि इथेच मासोळी एका पेचात सापडते, जो मला या सगळ्या विषयातला सर्वांत करुण भाग वाटतो. गोड्या पाण्यातल्या मासोळीच्या रक्तात मीठ पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असतं. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत घुसत असतं आणि मीठ सतत बाहेर झिरपत असतं. म्हणून ती पाणी जवळजवळ पीतच नाही, भरपूर पातळ लघवी करते आणि कल्ल्यांतल्या खास पेशींनी पाण्यातलं विरळ मीठ शक्ती खर्चून परत आत ओढते. समुद्रातल्या माशात अशाच पेशी उलट काम करतात, मीठ बाहेर फेकतात. ते १९३२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज आणि विल्मर यांनी दाखवलं. (हेच कीज पुढे आहारातली चरबी आणि हृदयविकार यांवरच्या कामासाठी जगभर गाजले. त्यांची सुरुवात ईलच्या कल्ल्यांपासून झाली, हे हृदयरोगाच्या डॉक्टरांनाही सहसा माहीत नसतं.) आता गुदमरणाऱ्या मासोळीनं ऑक्सिजनसाठी कल्ले पूर्ण उघडले की त्याच वाटेनं मीठ जास्त गळतं. श्वास घ्यावा तर मीठ जातं, मीठ राखावं तर श्वास कोंडतो. रात्रभर ती या दोहोंमध्ये तोल सांभाळत असते. त्यासाठी कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, ते मीठ ओढणाऱ्या पेशींना मदत करतं, पण फार दिवस वाढलेलं राहिलं तर रोगप्रतिकारशक्ती खाली आणतं. गुदमरून वाचलेले मासे आठवड्यानंतर जखमांनी, जंतूंनी मरतात त्यामागे हे असतं. बोटुकलीच्या वाहतुकीच्या पाण्यात अनुभवी माणसं चिमूटभर खडेमीठ घालतात. मीठ आत-बाहेर सारखं होण्याकडे झुकलं की गळती कमी, आणि मासोळीची तेवढी ताकद वाचते.

दुपारी ऑक्सिजन भरपूर म्हणून सगळं ठीक, असंही नाही. मासोळीच्या शरीरातली घाण मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून बाहेर पडते. आपण त्याचा युरिया करतो, ती करत नाही, कारण भोवती एवढं पाणी आहे. पण पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात, एक फारसं बाधत नाही आणि दुसरं जहाल विष. कुठलं किती, ते पाण्याच्या सामूवर (pH), म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी यावर ठरतं. ३० अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर विषारी रूप १ टक्क्याहून कमी. सामू ९ असेल तर ४० टक्क्यांच्या वर. हिरव्या तलावात शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड खेचून घेतं आणि दुपारी सामू खरोखर ९ कडे जातो. म्हणजे पहाटे श्वास कोंडतो, दुपारी स्वतःचीच घाण बाहेर टाकता येत नाही. एकाच तलावात, एकाच दिवसात.

अशा पाण्यात कोण तगतं? नागपूरच्या मंगळवारी नावाच्या बाजारात टबातल्या दोन बोटं पाण्यात सळसळणारी मरळ पाहिली असेल. ती हवा घेते. घशाच्या वर, डोक्यात तिला एक कप्पा असतो, वर येऊन ती खरोखरच हवेचा घोट घेते. मागूरला कल्ल्यांजवळ झाडासारखी फांद्या फुटलेली रचना असते, शिंगीला शेपटीकडे जाणाऱ्या लांब हवेच्या नळ्या. भारतातल्या या हवा घेणाऱ्या माशांवर भागलपूरच्या जे. एस. दत्ता मुन्शी यांनी आयुष्यभर काम केलं. मरळीचं नशीब तिच्या कल्ल्यांत उलटं फिरलं आहे. कल्ले इतके लहान झाले आहेत की वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यातच बुडून मरते. तलावावर जलपर्णीचा सलग गालिचा पसरतो, अंबाझरीत आपण तो पाहिला आहे, तेव्हा खालच्या रोहूला ऑक्सिजन मिळत नाही आणि मरळीला वर यायला वाट मिळत नाही.

दुसरी तगणारी म्हणजे चिलापी (तिलापिया). कमी ऑक्सिजन, जास्त अमोनिया, सगळं पचवते. शिवाय तिच्यात एक विचित्र गोष्ट आहे, पिल्लं फार उबदार पाण्यात वाढली तर त्यांत नरांचं प्रमाण वाढतं. नर की मादी हेसुद्धा पाणी काही अंशी ठरवतं. तलावात नुसती चिलापी आणि मागूर उरली की मला त्या तलावाचा अहवाल वाचायची गरज वाटत नाही. तिथे कुठले मासे आहेत हाच अहवाल.

आता पाऊस. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडतो, आपण मातीचा वास घेतो, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी तलावावर मासे तरंगल्याची बातमी येते. लोक म्हणतात कुणीतरी विष टाकलं. कधी ते खरंही असेल. पण बहुतेक वेळा घडतं ते असं. उन्हाळाभर तलावात वर गरम हलकं पाणी आणि खाली त्यापेक्षा थंड जड पाणी असे थर पडलेले असतात. खालच्या थरात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला, गाळातून निघालेले विषारी वायू भरलेले. पावसाचं गार पाणी वरचा थर थंड करतं, वारा ढवळतो, आणि थर उलथतात. खालचं निर्जीव पाणी सगळीकडे मिसळतं. त्यात नाल्यांतून महिनोन्‌महिने साचलेली घाण एका फटक्यात वाहून येते. ढग असतात म्हणून शेवाळही दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन देत नाही. उन्हाळ्यानं ऐपत आधीच संपवलेली मासोळी हे सोसू शकत नाही.

विष की गुदमर, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. मेलेल्यांत मोठे मासे जास्त असतील, मरण पहाटे झालं असेल, आणि मरळ-मागूर जिवंत असतील, तर ऑक्सिजन गेला असं समजावं. मोठ्या माशाला एकूण ऑक्सिजन जास्त लागतो आणि वरच्या त्या पातळ पापुद्र्यातून तो त्याला पुरेसा मिळत नाही. बोटभर पिल्लू तिथे निभावून नेतं. तोंड उघडं आणि कल्ल्यांची झाकणं ताणलेली, हीही खूण. लहान-मोठे, हवा घेणारे-न घेणारे सगळे एकदम, दुपारी-संध्याकाळी केव्हाही मेले असतील, तर मग विषाचा संशय घ्यावा आणि पाण्याचा नमुना लगेच, तासाभरात घ्यावा. दुसऱ्या दिवशी दुपारी नमुना घेतला तर ऑक्सिजन परत चढलेला असतो आणि अहवालात सगळं आलबेल दिसतं.

ज्या पावसानं शहरातला तलाव मरतो त्याच पावसाची नदीतली रोहू वर्षभर वाट पाहत असते. तळ्यात ठेवलेली रोहू, कटला, मृगळ मोठी होतात, अंड्यांनी भरतात, पण अंडी घालत नाहीत. त्यांना पूर हवा असतो. तापमानाचा उतार, गढूळ पाणी, अंगाला लागणारा प्रवाह, नव्याने बुडालेलं गवताळ शेत, हे सगळं मेंदूला पोचतं, मेंदू पीयूषिका ग्रंथीला सांगतो, ग्रंथी रक्तात संप्रेरक सोडते आणि अंडी काही तासांत पक्व होतात. एवढी साखळी पावसानं हलते. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे ही साखळी मधूनच धरली. दुसऱ्या माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. आज आपल्या भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांत जे बीज सोडलं जातं, मंगळवारीत जी रोहू मिळते, त्यामागे तो दिवस आहे. १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. मला मात्र त्या प्रयोगाचा अर्थ आणखी एका बाजूनं महत्त्वाचा वाटतो. सुईनं जे द्यावं लागलं ते पाऊस फुकट देत होता, आणि धरणांनी, भिंती घातलेल्या काठांनी, कोंडलेल्या नाल्यांनी आपण ती खूण मासोळीपर्यंत पोचू देत नाही.

नागपूर या बाबतीत नशीबवान शहर आहे. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी इथे १९५८ पासून आहे, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ इथेच आहे, त्याचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय तर तेलंगखेडीलाच, फुटाळ्याच्या शेजारी. काठावर पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचा दम ओळखणारे ढिवर आणि भोई आहेत. गेल्या काही वर्षांत गणपतींचं विसर्जन कृत्रिम टाक्यांत होऊ लागलं, त्याचा तलावांना खरोखर उपयोग झाला आहे. जाणकार आहेत, उपकरणं आहेत. पाण्यातला ऑक्सिजन मोजणारं हातात धरायचं यंत्र कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सापडेल. ते पहाटे साडेपाचला पाण्यात बुडवायला हवं, एवढंच. मोजमाप बहुतेक ठिकाणी सकाळी अकरानंतर होतं, तेव्हा शेवाळानं कामाला सुरुवात केलेली असते.

आणि एक सूचना कारंज्यांबद्दल, ज्यांच्या हाती कुठल्याही तलावाची देखभाल आहे त्यांच्यासाठी. कारंजी आणि हवा मिसळणारी यंत्रं आपल्याकडे संध्याकाळी चालतात, कारण माणसं संध्याकाळी येतात. हिरव्या तलावात संध्याकाळी ऑक्सिजन दिवसातला सर्वाधिक असतो, अनेकदा पाण्याच्या मर्यादेहून जास्त. तेव्हा पाणी उडवलं की तो जास्तीचा ऑक्सिजन हवेत निघून जातो. माणसांसाठी संध्याकाळचा एखादा तास ठेवा, पण यंत्रं खरी चालवायची ती मध्यरात्रीनंतर एक-दीड वाजल्यापासून सूर्य चांगला वर येईपर्यंत. मार्च ते जून रोज. ढगाळ दिवस गेला असेल त्या रात्री न चुकता. पहिल्या मोठ्या पावसानंतर सलग आठवडाभर, दिवसासुद्धा. व्यावसायिक मत्स्यशेती करणारे हे वेळापत्रक पाळतात, कारण एका रात्रीत त्यांचा वर्षाचा माल जातो. तेच वेळापत्रक शहरातल्या तलावांना लावायला नवं काही विकत घ्यावं लागत नाही, चालू असलेल्या यंत्रांच्या वेळा बदलाव्या लागतात.

तोवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी ब्रेडची पिशवी घरी ठेवावी. मासोळ्या वर आलेल्या दिसल्या तर काठावर एकदा पाय आपटून पाहावा. खाली गेल्या तर ठीक. नाही गेल्या तर तलावाची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांना लगेच फोन करावा, त्याच वेळी, ऊन चढायच्या आत.